पहिलीत काय यायला हवं? धूळपाटीपासून निपुणपर्यंत

पहिली संपेपर्यंत मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचावं. 99 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात, साधी बेरीज-वजाबाकी करावी. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पहिलीच्या भाषा-गणितासाठी ठेवलेलं लक्ष्य एवढंच आहे. शाळेच्या भिंतीवर हे वाचून पुष्कळ पालक विचारतात, "बस्स, एवढंच? आमच्या आजोबांना तर या वयात तीसपर्यंत पाढे पाठ होते." आजोबांचं खरंच आहे. मात्र त्यांना ते पाढे कशासाठी लागत होते आणि पुढे पहिलीचं माप का बदलत गेलं, हे पाहायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा शाळा पंतोजींची. देवळात नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर भरायची. इयत्ता नव्हत्या, ज्याची त्याची चाल वेगळी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत काडीने अक्षर गिरवायचं. चुकलं की हात फिरवून पुन्हा कोरी. ही धूळपाटी. सुरुवात ‘ओ ना मा सी धं’ने व्हायची. ते ‘ॐ नमः सिद्धम्’चं मुलांच्या तोंडी बसलेलं रूप, आणि म्हणून आपण आजही कुठल्याही कामाच्या आरंभाला ओनामा म्हणतो. आज आपण लिहितो त्या लिपीला बाळबोध म्हणत, लहानग्यालाही कळेल अशी. जमाखर्च, पत्रं, दस्तऐवज सगळे मोडी लिपीत होते, त्यामुळे मोडी सफाईने लिहिता-वाचता आली की मुलगा कामाचा झाला असं समजत. मुलगाच, कारण मुलींना आणि ज्यांना अस्पृश्य मानलं जाई त्यांच्या मुलांना त्या ओसरीवर जागा नव्हती.

संध्याकाळी उजळणी व्हायची. नुसते बे एके बे नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पावापासून साडेतीनापर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे. आज ऐकताना हा छळ वाटतो. पण बाजार तसाच होता. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, मणाचे 40 शेर. सव्वा रुपया शेर भावाने सात शेर जिन्नस घेतला तर किती? सवायकी पाठ असलेलं पोर पाटीला हात न लावता सांगायचं, पावणेनऊ. दुकानदाराच्या, कुळकर्ण्याच्या घरातल्या मुलाला हे आलंच पाहिजे होतं. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले आणि औटकीचं कामच उरलं नाही. आजोबांची पाठांतरं शाळेने आळसाने सोडली नाहीत, ती ज्या हिशेबाला लागत होती तो हिशेबच बदलला.

1820 च्या दशकात मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या पुढाकाराने छापील मराठी पुस्तकं आणि सरकारी मदतीच्या शाळा आल्या. 1855 मध्ये शिक्षण खातं उभं राहिलं, इयत्ता ठरल्या, तपासणीला अधिकारी येऊ लागले. पहिलीच्या आधी बिगरी आली.

या काळातला सगळ्यात मोलाचा कागद माझ्या मते जोतीराव फुल्यांचा आहे. 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी केली. तेवढ्यावर न थांबता काय शिकवावं तेही सांगितलं: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. शिक्षक शक्य तोवर शेतकरी वर्गातले असावेत, गावात मिसळणारे असावेत, असंही त्यांनी लिहिलं. मुलाला काय यावं हे ठरवताना ते मूल कोणत्या घरातून येतं हे आधी बघा, असं सरकारला इतक्या थेटपणे सांगणारा माणूस त्या काळात विरळा.

पुढे 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ताराबाई मोडक आणि नंतर अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये बालवाडी रुजवली. अक्षराआधी हात, डोळा आणि कान तयार व्हावे लागतात, हे त्यांनी करून दाखवलं. मणी ओवणं, गाणं म्हणणं, लहान-मोठं ओळखणं हा पहिलीचा पाया आहे, ही समजूत महाराष्ट्रात तिथून आली.

27 जानेवारी 1967 ला बालभारती स्थापन झाली आणि राज्यभरच्या मुलांच्या हातात एकसारखी पुस्तकं येऊ लागली. तरी घरी आणि वर्गात चालायची ती मुळाक्षरं आणि बाराखडीच. तिच्याबद्दल मला माया आहे, पण तिचा एक तोटा मी जवळून पाहिला आहे. मी पहिलीचा वर्ग घेत होते तेव्हा एक मुलगी ‘क का कि की’ एका दमात म्हणायची, घरच्यांना तिचं केवढं कौतुक. एकदा तिच्यापुढे ‘काकी’ लिहिलेलं कार्ड ठेवलं. तिने ‘की’वर बोट ठेवलं आणि पुटपुटू लागली, क, का, कि, की. तिथे पोचली तेव्हा कुठे तिला अक्षर सापडलं. तोवर आधीचा ‘का’ निसटला होता. बाराखडी पाठ होती, पण शब्द वाचता येत नव्हता. म्हणून आता थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरी मात्रा एकत्र शिकवतात. क, म आणि काना आला की लगेच मका, काम, मामा, काका वाचता येतात, आणि वाचलेल्याला अर्थ असतो हे मुलाला पहिल्या आठवड्यातच कळतं. (बाराखडीही आता बाराची राहिली नाही. 2009 च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ आत आले आणि ती चौदाखडी झाली.)

1991 मध्ये देशपातळीवर किमान अध्ययन क्षमता, म्हणजे कोणत्या इयत्तेत निदान काय यावं, हे ठरलं. 1993 मध्ये यशपाल समितीने दप्तराचं ओझं आणि न समजता पाठ करणं यावर बोट ठेवलं. 2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. शिक्षण हक्क कायद्यानंतर, 2010 पासून, वार्षिक परीक्षेची जागा आकारिक (शिकता-शिकता होणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाने आणि शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदींनी घेतली. पण मूल वाचतं का, हा साधा प्रश्न घरोघरी जाऊन विचारला तो ‘असर’ सर्वेक्षणाने, 2005 पासून. 2018 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी जेमतेम निम्मी निघाली. निपुणची दोन वाक्यं छोटी आहेत ती या आकड्यामुळे. पहिलीत वाचन हुकलं की पुढच्या प्रत्येक इयत्तेचं पुस्तक त्या मुलासाठी बंदच राहतं.

99 पर्यंतच्या संख्याही दिसतात तितक्या सोप्या नाहीत. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल 72 लिहितं. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतं, म्हणून सहापासून सुरुवात करतं. शिवाय त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव ही जोडाक्षरं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जुनी नावं काढलेली नाहीत, सोपी रीत जोडीला दिली आहे, असं सांगितलं. भाषेच्या प्रेमापोटी झालेला तो विरोध मला कळतो. तरी 72 लिहून रडवेलं झालेलं पोर ज्याने पाहिलंय, तो समितीच्या बाजूने उभा राहील.

जून 2025 पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पहिलीचा अभ्यासक्रम बदलला. त्याच सुमारास पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचे एप्रिल आणि जूनमधले दोन शासन निर्णय मोठ्या विरोधानंतर 29 जूनला रद्द झाले. सहा वर्षांच्या मुलाने किती भाषा पेलाव्यात, यावर तेव्हा घराघरांत बोलणं झालं. त्या बोलण्यात मेळघाटातल्या कोरकू, गडचिरोलीतल्या माडिया आणि सातपुड्यातल्या पावरा घरांतली मुलं फारशी आली नाहीत. त्यांच्यासाठी पहिलीत मराठीच दुसरी भाषा असते. बाई घराचं चित्र दाखवून "हे काय?" विचारतात. मूल आपल्या बोलीतला शब्द सांगतं. उत्तर बरोबर असतं, पण ते ओळखायला बाईंना त्याची बोली यावी लागते.