घड्याळावर जेवायचे दिवस

इंदूरच्या मराठी घरात आजारी माणसाला भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही आणि चौकशी केल्याशिवाय जात नाही. वजन कमी करायचं ऑपरेशन झालेलं असेल तर पहिल्या आठवड्यापासून एकच चौकशी, "मग, किती उतरलं?" रामबागेतल्या काकूंपासून सुदामा नगरच्या मेहुण्यांपर्यंत सगळे तेच विचारतात. माझं ऐकाल तर पहिला दीड महिना हा प्रश्न घरात बंदच करावा. या काळात वजन उतरणारच असतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. धडपड करावी लागते ती पाणी, प्रथिनं आणि चालणं या तीन गोष्टींसाठी, कारण त्यांची आठवण शरीर आपणहून करून देईनासं झालेलं असतं.

आपल्याकडे सर्वांत जास्त होतं ते 'स्लीव्ह'. दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच लहान छेद घेऊन, जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरते १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढी अरुंद नळी. तिची कापलेली कड टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या ओळींनी मिटवलेली असते. या पिना जन्मभर आतच राहतात, आणि पुढे एमआरआय करायची वेळ आली तरी त्यांची अडचण होत नाही. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला तीसेक मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. हा प्रकार अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात सुरू केला. स्लीव्हची गोष्ट गमतीची आहे. फार वजनाच्या रुग्णांना मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नाही, म्हणून त्याचा पहिला टप्पा म्हणून ती केली जायची. त्यातल्या बऱ्याच जणांचं वजन पहिल्या टप्प्यातच इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज राहिली नाही.

"ती काही एवढी जाड नव्हती" हेही एक वाक्य हमखास कानावर येतं. आपल्या लोकांची चरबी पोटात, अवयवांभोवती जास्त साठते आणि कमी वजनातच मधुमेह गाठतो. म्हणून सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी ऑपरेशनची बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, मर्यादा २७.५ वर आणली. तेव्हा नुसतं बघून अंदाज बांधू नये.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी नर्स येते आणि रुग्णाला उठवून चालायला लावते. घरच्यांचा जीव कासावीस होतो, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. जास्त वजन, भूल आणि पडून राहणं हे तिन्ही एकत्र आलं की पोटरीच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. तसं हे ऑपरेशन आता बरंच सुरक्षित आहे. मृत्यूचं प्रमाण हजारी एकाच्या आसपास आहे, पण त्या थोड्या मृत्यूंमागे गुठळी हे एक मोठं कारण असतं. म्हणून गुठळी होऊ न देणारी, पोटात टोचायची ती इंजेक्शनं, पायात घट्ट मोजे आणि घरी आल्यावर दर तासा-दोन तासांनी खोलीतून अंगणापर्यंत एक फेरी. नेहरू पार्कचे राऊंड नंतर मारता येतील.

दवाखान्यातून येताना श्वासाच्या व्यायामाचं, चेंडूसारख्या तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं यंत्रही सोबत मिळतं. बहुतेक जण ते तोंडाला लावून जोरात फुंकतात. ते फुंकायचं नसतं, नळीतून हवा सावकाश आत ओढायची असते. गोळ्या वर गेल्या म्हणजे फुप्फुसाचे तळाचे, मिटून बसलेले कप्पे उघडले.

पहिल्या दोन-चार दिवसांत पोटापेक्षा खांदाच जास्त दुखतो, आणि नातेवाइकांना वाटतं की टेबलावर हात अवघडला असेल. खरं कारण वेगळं असतं. दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला उरलेला वायू श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, डिवचतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही तिथूनच निघतात. त्यामुळे दुखणं नेमकं कुठलं हे मेंदूला उमगत नाही. वायू शोषला गेला, चालणं झालं की हे दुखणं जातं.

पण डावा खांदा दुखतो आहे, अस्वस्थ वाटतं आहे आणि नाडी वाढलेली आहे, असं तिन्ही एकदम असेल तर तो वायू समजून घरी थांबू नये. पिनांच्या ओळीतून गळती सुरू झाली असण्याची शक्यता असते. ती क्वचित होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, पण कधी त्यानंतरही. पोटावर जाड चरबी असलेल्या माणसाचं पोट कडक झालेलं हाताला लवकर कळत नाही, ताप उशिरा येतो. सगळ्यांत आधी बोलते ती नाडी. कोविडच्या वेळी घेतलेलं, बोटाला चिमट्यासारखं लावायचं ऑक्सिमीटर बहुतेक घरांत कुठल्यातरी कप्प्यात पडलेलं असतं. त्यावर ऑक्सिजनच्या शेजारी दिसणारा दुसरा आकडा नाडीचा. स्वस्थ बसलेलं असताना तो १२०च्या वर जाऊन तिथेच राहिला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता सर्जनला फोन करायचा. ब्लडप्रेशरसाठी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर आकडा एवढा चढणारही नाही, म्हणून आपल्या गोळ्या कोणत्या प्रकारच्या आहेत ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवावं.

आता पाणी. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवं, आणि घोट मात्र घेता येत नाही. याचं कारण कापून टाकलेल्या भागात आहे. जठराचा वरचा घुमट घास येताच आपोआप सैल होतो, म्हणून एरवी आपण तांब्याभर पाणी गटागटा पितो तरी आतला दाब वाढत नाही. स्लीव्हमध्ये तो घुमटच उरत नाही. वर एक झडप, खाली एक झडप, आणि मधे सुजलेली, न ताणणारी नळी. मोठा घोट गेला की छातीत दाटून येतं आणि तो परत वर येतो. म्हणून तीस मिलिलिटरचा छोटा मापाचा कप, दर पंधरा मिनिटांनी एक, तोही दोन-तीन वेळा ओठ लावून. तासाला चार कप, बारा तासांत ४८, म्हणजे १,४४० मिलिलिटर. दिवसभर दुसरं काही काम नसलं तरच जमावं असा हा उद्योग आहे, म्हणूनच सुट्टी घ्यायची ती टाक्यांसाठी कमी आणि या कपांसाठी जास्त असं मी म्हणतो. रुग्ण परत भरती होतात त्यामागे शरीरातलं पाणी कमी पडणं हे फार नेहमीचं कारण आहे. माळव्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर घाम आलेला कळतही नाही. लघवी गडद झाली, उठताना अंधारी आली, की कपांचा हिशेब चुकला समजायचं. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती या दिवसांत बहुधा कमी किंवा बंद करावी लागते. मात्र ते डॉक्टरांनी ठरवायचं.

तहानेपेक्षा जास्त फसवते ती भूक. १९९९ मध्ये जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी जठरात तयार होणारं घ्रेलिन हे संप्रेरक शोधून काढलं. जेवणाची वेळ झाली की रक्तात ते चढतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. ते मुख्यतः तयार होतं त्याच घुमटात, जो स्लीव्हमध्ये बाहेर काढला जातो. त्यामुळे पहिले कित्येक आठवडे बऱ्याच जणांना भूकच लागत नाही. आयुष्यभर भुकेशी झगडलेल्या माणसाला हे सुख वाटतं. मग तो सकाळी दोन कप पाणी पितो आणि दुपारपर्यंत काही घेतलंच नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही. या दिवसांत भुकेची वाट बघायची नाही, मोबाइलवर गजर लावून खायचं.

आणि खायचं काय? इथे आपल्या स्वयंपाकघराची थोडी पंचाईत होते. आजाऱ्याला द्यायचे आपले सगळे पदार्थ, भाताची पेज, साबुदाण्याची खीर, मऊ भात आणि मेतकूट, पचायला हलके आणि जवळजवळ सगळे पिष्टमय. साबुदाण्यात तर प्रथिनं नावालाही नाहीत. वरणाचं वरचं पाणी काढून दिलं की आजीला समाधान वाटतं, पण डाळीची प्रथिनं खाली बसलेल्या गाळात राहतात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं मिळाली नाहीत तर शरीर दंडा-मांड्यांचे स्नायू मोडून ती मिळवतं, आणि वजनकाटा तेही वजन 'उतरलं' म्हणूनच दाखवतो. पहिले दोन आठवडे सगळं पातळच असतं. २०० मिलिलिटर दुधात साधारण साडेसहा ग्रॅम, त्यामुळे नुसत्या दुधा-ताकावर ६० गाठणं अशक्यच. म्हणून पावडर लागते. तिच्या एका मापातून २० ते २५ ग्रॅम मिळतात. तिसऱ्या आठवड्यापासून घुसळलेलं, चमच्याने खाण्यासारखं सरसरीत अन्न येतं. मग दाट वरण गाळाशकट, कुस्करलेलं पनीर, चालत असेल तर मऊ अंडं, त्यातून सहा ग्रॅम. पातळ चालतं म्हणून कुणी प्रेमाने छप्पन दुकानवरून शिकंजी आणली तर ती परत पाठवावी. इंदूरची शिकंजी दुधा-दह्याची, दाट आणि गोडमिट्ट. ती त्या नळीतून सहज उतरते, हाच तिचा दोष.

या दिवसांत वासही बोचतात. काल-परवापर्यंत आवडणारी हिंग-मोहरीची फोडणी अचानक मळमळ आणते. हे नखरे नसतात, चव आणि वास बदलल्याचं पुष्कळ रुग्ण सांगतात. स्वयंपाक होईपर्यंत गॅलरीत बसावं.

सर्वांत जपायचं ते सततच्या उलट्यांना. एखाद-दुसरी उलटी घाईने घेतलेल्या घोटाची असते. पण दोन-तीन दिवस काहीच टिकत नसेल तर वेगळाच धोका उभा राहतो, आणि तो आपल्याकडे सवयीच्या उपायाने वाढू शकतो. शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम असतो. बाहेरून मिळालं नाही तर तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. ग्लुकोज जाळून ऊर्जा काढताना पेशींना थायमिन लागतंच, आणि मेंदू तर मुख्यतः ग्लुकोजवरच जगतो. १८८१ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी तीन रुग्णांचं वर्णन केलं. डोळ्यांच्या हालचाली अडलेल्या, चाल लडबडणारी, बुद्धी भ्रमलेली. त्यातले दोघे दारुडे होते. तिसरी मात्र शिवणकाम करणारी एक तरुणी होती. तिने आम्ल प्यायलं होतं, त्याने जठराचं खालचं तोंड आकसलं आणि उलट्या थांबेनात. जीवनसत्त्व ही कल्पनाही तेव्हा जन्मली नव्हती. ऑपरेशननंतर उलट्या होत राहिलेल्या रुग्णाची गत त्या तरुणीसारखीच होऊ शकते.

आता आपला सवयीचा उपाय. अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन "एक बाटली चढवून द्या". पाच टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. थायमिन आधीच संपत आलेल्या शरीरात ते गेलं की उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्च होतं, आणि मेंदूची तब्येत काही तासांत ढासळू शकते. त्यामुळे आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. दवाखाना कुठलाही असो, डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की जठराचं ऑपरेशन झालंय आणि इतक्या दिवसांपासून उलट्या होताहेत. दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं यातलं काहीही दिसलं तर थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी मात्र हे आठवडे सुखाच्या धक्क्याचे असतात. वजन फारसं हललेलं नसतानाच साखर खाली येऊ लागते. बायपासनंतर हे घडतं, कधीकधी काही दिवसांतच, असं अमेरिकन सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये मांडलं. खाणं एकदम कमी होतं हे एक कारण. शिवाय अन्न लहान आतड्यात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक जोमाने सुटतं आणि ते इन्सुलिनला चालना देतं. वजन कमी करण्याची जी इंजेक्शनं हल्ली गाजताहेत ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. यातली अडचण एवढीच की जुन्या मात्रेतलं इन्सुलिन किंवा गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर साखर धोकादायक उतरते. अंगदुखीसाठीही घरात पडलेली कुठलीही गोळी घ्यायची नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी जठराला आणि बायपासमधल्या जोडाला व्रण पडतात. पॅरासिटामॉल चालतं.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा एकदम थांबतो आणि घरात सुतकी वातावरण पसरतं. सुरुवातीला भराभर गेलेल्या किलोंमध्ये पाणी बरंच होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याच्या, दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, साठा संपला की तेही निघून जातं. पुढे साठा थोडा भरला की पाणी परत येतं. चरबी त्या दिवसांतही कमी होतच असते, काट्यावर ती दिसत नाही एवढंच.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ अन्न, त्यानंतर हळूहळू घरचं जेवण. पोळी आणि चिकट भात घशाखाली अडकतात, त्यांना सगळ्यांत शेवटी घ्यावं. जिलबीबद्दल लोक पहिला प्रश्न विचारतात. बायपास झालेल्यांच्या आतड्यात पाक थेट उतरतो, तो पाणी ओढून घेतो, आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ. पुढे एक ते तीन तासांनी इन्सुलिन जास्त सुटल्याने साखर घसरून हातपाय थरथरतात. स्लीव्हमध्ये हे कमी होतं, पण होतं. गंमत अशी की जिलबी सोडणं इंदूरकरांना जमतं, पोह्यांसोबतचा चहा सोडणं जमत नाही. खाताना आणि खाल्ल्यावर अर्धा तास काही प्यायचं नाही हा नियम आहे. एवढ्याशा जागेत चहा गेला की पोह्यांना जागा उरत नाही, नाहीतर तो त्यांना पुढे ढकलतो आणि पोट भरल्याची जाणीव यायच्या आत नळी रिकामी होते. चहा पोहे संपल्यावर अर्ध्या तासाने प्यावा. आणि पोहे संपायलाही वेळ लागेल, कारण आता दोन चमचे पोह्यांनाच वीस मिनिटं लागतात.