बोनेनकाई आणि शिननेनकाई: निमंत्रण कुणी दिलंय ते आधी बघा

डिसेंबर लागला की टोकियोत नोकरी-धंदा करणाऱ्या मराठी माणसाच्या इनबॉक्समध्ये दोन जातीची निमंत्रणं येऊन पडतात. एक बोनेनकाईचं, दुसरं शिननेनकाईचं. दोन्हींत बिअर आहे, भाषण आहे, ग्लास उंचावणं आहे, वर्गणी आहे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवणं आहे. त्यामुळे नवखा माणूस समजतो की पहिली पार्टी वर्ष संपताना होते, दुसरी वर्ष सुरू झाल्यावर, बाकी सारखंच. या समजुतीने वागलं की माणूस ऑफिसच्या बोनेनकाईला व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन जातो आणि व्यापारी मंडळाच्या शिननेनकाईला एका कोपऱ्यात मित्रांबरोबर सुशी खात उभा राहतो. म्हणजे दोन्ही संध्याकाळी फुकट.

माझ्या मते तारीख हा या दोघींमधला सगळ्यात किरकोळ फरक आहे. वर्षभर ज्यांच्यासोबत राबलो त्यांच्याशी हिशोब मिटवायला बोनेनकाई असते. पुढच्या वर्षी ज्यांच्याशी काम पडेल त्यांच्यासमोर उभं राहायला शिननेनकाई असते, निदान तिचा व्यापारी अवतार तरी. आपल्याकडे दुकानदार जुनी वही बंद करतो आणि पाडव्याला नवी वही उघडतो. वह्या सारख्याच दिसतात, पण पहिलीत काय मांडायचं आणि दुसरीत काय, हे त्याला विचारावं लागत नाही.

बोनेनकाई म्हणजे वर्ष विसरण्याची बैठक. कल्पना जुनी आहे. १४३० सालच्या शेवटच्या महिन्यात सादाफुसा नावाच्या राजपुत्राने रोजनिशीत नोंद केली आहे की रेंगा काव्याची मैफल झाली, मग मद्य आलं, लोक नाचले, वर्ष विसरायला लावणारी मजा आली. पुढे मेइजी काळात (१८६८ ते १९१२) वर्षअखेरीचा बोनस हाती पडलेल्या सरकारी नोकरांनी ही चाल पसरवली. आजही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा हिवाळी बोनस १० डिसेंबरला जमा होतो, आणि त्याच सुमाराला इझाकायांमध्ये, म्हणजे दारू आणि खाणं मिळणाऱ्या दुकानांमध्ये, जागा मिळणं मुश्किल होऊन बसतं.

ऑफिसच्या बोनेनकाईत एक ‘कांजी’ असतो, म्हणजे आयोजनाची सगळी उठाठेव गळ्यात पडलेला माणूस. बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर. जागा शोधणं, कुणाला काय चालत नाही ते विचारणं, दरडोई चार-पाच हजार येन गोळा करणं, साहेबाकडून जरा जास्त काढणं, बिंगोची बक्षिसं आणणं, हे सगळं त्याच्याकडे. ठरावीक पैशांत दोन तास हवं तेवढं प्या, असा करार दुकानाशी होतो. बसायची जागाही ठरलेली असते: दारापासून सगळ्यात लांबची साहेबाची, दाराजवळची कांजीची, कारण ऑर्डर देणं आणि ताटल्या सरकवणं त्यालाच करायचं असतं. पहिला ग्लास सगळ्यांचा मिळून, त्याआधी कुणी ओठाला लावायचा नाही. साहेबाच्या ग्लासाला आपला ग्लास भिडवताना आपला किंचित खाली धरायचा. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, मग तो आपला भरतो.

मग साहेब जाहीर करतात, आज ‘बुरेइको’, म्हणजे आज मानपान बाजूला, मोकळं बोला. इथे मराठी माणूस हमखास फसतो, कारण आपल्याला मोकळं बोला म्हटलं की आपण खरंच बोलतो. बुरेइकोचा अर्थ एवढाच की जॅकेट काढा, साहेबाच्या शेजारी जाऊन बसा, त्यांच्या गोल्फवर हसा. प्रोजेक्ट कुणामुळे रखडला, हे सांगण्याची ती जागा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कितीही डोकं जड असलं तरी वेळेवर हजर राहायचं आणि साहेबासमोर जाऊन कालच्याबद्दल आभार मानायचे. रात्रीच्या मोकळेपणापेक्षा हे आभार जास्त लक्षात राहतात.

शिननेनकाईचं लहान रूप याच्यासारखंच दिसतं. एखाद्या विभागाने जानेवारीत इझाकायात केलेली शिननेनकाई म्हणजे डिसेंबरात जमली नाही म्हणून पुढे ढकललेली बोनेनकाईच समजा. गोंधळ होतो तो मोठ्या रूपामुळे. त्याला ‘गाशी कोकानकाई’ म्हणतात आणि ती चेंबर ऑफ कॉमर्स, उद्योगसंघटना, बँका, नगरपालिका यांची असते. सरकारी कचेऱ्या २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात, कामकाज साधारण ४ तारखेला उघडतं, आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत हॉटेलांचे मोठे हॉल या समारंभांनी भरलेले असतात. यातला सगळ्यात वजनदार समारंभ केइदानरेन, जपान चेंबर आणि केइझाई दोयुकाई या तीन संघटना मिळून टोकियोत करतात. पंतप्रधान तिथे भाषणाला येतात, आणि बाहेर पडणाऱ्या कंपनीप्रमुखांना पत्रकार गाठून विचारतात की यंदा पगारवाढ किती देणार.

चेंबरची ही परंपरा आपल्याला अगदीच परकी नाही. टोकियोची चेंबर १८७८ मध्ये शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने उभी राहिली. जुलै २०२४पासून दहा हजार येनच्या नोटेवर आहेत तेच हे शिबुसावा. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले तेव्हा त्यांची गाठ याच गृहस्थांशी पडली, आणि त्याच वर्षी निप्पोन युसेन कंपनीची मुंबईची बोट सुरू झाली, मुख्यतः कापसासाठी.

गाशी कोकानकाईत खुर्च्या नसतात. दारातल्या टेबलावर दोन कार्डं द्यायची, एक त्यांच्या नोंदीला आणि एक छातीवरच्या पाकिटात घालायला. मान्यवरांच्या कोटावर कापडी फूल लावलेलं असतं, त्यावरून मंत्री कोण आणि अध्यक्ष कोण ते ओळखू येतं. अध्यक्षांचं भाषण, पाहुण्यांचं भाषण, आणखी एक भाषण. पोटात कावळे ओरडत असले तरी ताटांकडे पाहायचं नाही. मग गवती चटईत गुंडाळलेलं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, पिंप व्यासपीठावर येतं. पूर्ण आकाराचं पिंप ७२ लिटरचं. हाप्पी, म्हणजे सणासुदीचा आखूड जपानी कोट, घातलेले पाच-सहा पाहुणे लाकडी हातोड्यांनी त्याचं झाकण फोडतात आणि चौकोनी लाकडी पेल्यांतून साके वाटली जाते. यालाही कागामीबिराकी म्हणतात, आणि जानेवारीत घरोघरी मोचीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या, वड्या फोडतात त्यालाही. ११ जानेवारीचं कुणी बोललं तर ते मोचीबद्दल आहे.

एकदा ग्लास उंचावून झाले की उरलेला तास-दीड तास फक्त एकाच कामाचा: माणसाकडून माणसाकडे जाणं. कार्ड दोन्ही हातांनी, आपलं नाव त्याला वाचता येईल अशा बाजूने. घेतलेलं कार्ड क्षणभर वाचायचं, लगेच खिशात कोंबायचं नाही, त्याच्यासमोर त्यावर पेनाने काही लिहायचं तर नाहीच. धंद्याची चर्चा तिथे करायची नसते. किंमत, मुदत, कोटेशन हे शब्द काढले की समोरचा हसत हसत पुढच्या माणसाकडे सरकतो. तुम्ही कोण, कुणाच्या ओळखीने आलात, यंदाही लोभ असू द्या, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ओळींचा मेल पाठवला की मग भेटीची वेळ मागता येते. ज्यांना हे थंड वाटतं त्यांना मी सांगतो की दोन मिनिटांत ओळख, मेलने दार उघडणं आणि मग बैठक, ही फार कार्यक्षम पद्धत आहे. आपल्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला धंदा बोलणाऱ्यांनी शिकण्यासारखी.

टाळ्यांचा प्रकार दोन्हीकडे असतो, पण तिथेही फरक कळतो. सानबोनजिमेत तीन-तीन-तीन-एक अशा दहा टाळ्या, आणि तो सगळा क्रम तीनदा. इप्पोनजिमेत तोच क्रम एकदा. काही जण एकच टाळी वाजवून मोकळे होतात. टोकियोकडे तिलाही इप्पोनजिमे म्हणतात, म्हणून सुरू करणारा काय म्हणतो ते कान देऊन ऐकावं, नाहीतर शांत हॉलमध्ये आपल्या एकट्याच्या टाळ्या घुमतात. हॉटेलातल्या समारंभात ही टाळी ‘नाकाजिमे’ची असते, म्हणजे ज्यांना निघायचं त्यांनी निघावं, कार्यक्रम मागे चालू राहतो. तिथे उशिरा येणं आणि लवकर जाणं दोन्ही चालतं. ऑफिसच्या बोनेनकाईत टाळी वाजली म्हणजे दुकानाचे दोन तास संपले आणि आता दुसरी फेरी, कराओके. दुसऱ्या फेरीला नाही म्हणणं चालतं. टाळीच्या आधी गुपचूप सटकणं चालत नाही.

आता खरी गुंतागुंत. टोकियोतली परदेशी व्यापारी मंडळं (अमेरिकन चेंबर १९४८पासून आहे, युरोपीय देशांच्याही आहेत) डिसेंबरात आपापल्या मेळाव्यांना, कधी चार-पाच मंडळं मिळून केलेल्या एकत्र मेळाव्यालाही, बोनेनकाई असंच नाव देतात. नाव बोनेनकाई, महिना डिसेंबर, सजावट ख्रिसमसची (जपानमध्ये २५ डिसेंबरला सुट्टी नसते, हा आणखी एक धक्का), पण वागणूक सगळी गाशी कोकानकाईची. उभ्याने जेवण, छातीवर नाव, अनोळखी माणसं, हातात कार्डं. इथे वर्ष विसरायला कुणी आलेलं नसतं. म्हणून निमंत्रणाचं शीर्षक बाजूला ठेवून तीन गोष्टी बघाव्यात: बोलावणारा आपला साहेब आहे की संस्था, बसून जेवण आहे की उभ्याने, आणि नाव आधी कळवताना कंपनीचं नाव आणि हुद्दा मागितलाय का. हुद्दा मागितला असेल तर कार्डं मोजून घ्या आणि दोन ग्लासांवर थांबा.

बोलताना मात्र तारीख एकदम महत्त्वाची होते. ३१ डिसेंबरपर्यंत निरोप घेताना ‘योइ ओतोशी ओ’, नवं वर्ष चांगलं जावो. ‘आकेमाशिते ओमेदेतो’, म्हणजे नवं वर्ष उजाडल्याबद्दल अभिनंदन, हे वर्ष उजाडल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. आपल्याकडे २० डिसेंबरपासून हॅपी न्यू इयर सुरू होतं, ती सवय आवरावी लागते. जानेवारीत ते टोकियोकडे साधारण ७ तारखेपर्यंत आणि ओसाकाकडे १५ पर्यंत चालतं. आणि समोरच्याच्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल तर ‘ओमेदेतो’ म्हणायचंच नाही. अशी घरं नोव्हेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीलाच पत्र पाठवून कळवतात की यंदा आम्ही नववर्षाची कार्डं पाठवणार नाही. आपल्याकडे वर्षभर सण न करणारी घरं असतात, त्यामुळे हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. अशा माणसाला फक्त ‘यंदाही लोभ असू द्या’ म्हणावं.

शाकाहारी मंडळींसाठी बोनेनकाई जास्त अवघड आहे. मधोमध उकळणारं एकच पातेलं असतं, आणि त्यात मासे नसले तरी रस्सा माशांचा असतो. थंड टोफूवरही वाळवलेल्या माशाचा कीस भुरभुरलेला येतो. एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) आणि बटाट्याच्या फ्राइजवर रात्र काढायची नसेल तर कांजीला आठवडाभर आधी सांगा, आणि ‘मासे-मटण नको’ एवढ्यावर थांबू नका, ‘माशाचा रस्सा पण नको’ हे वेगळं सांगा. हॉटेलच्या बुफेत निवडायला वाव असतो. न पिणाऱ्यांनी ऊलाँग चहाचा ग्लास धरावा, त्यावर आता फारसं कुणी काही म्हणत नाही. गाडी घेऊन मात्र कुठेही जाऊ नका. २००७च्या दुरुस्तीनंतर प्यायलेल्या चालकाबरोबर त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसणारा, सगळ्यांवर कारवाई होऊ शकते.

बोनेनकाई टाळण्याची चाल तरुणांत आहेच. २०१९च्या डिसेंबरात ‘बोनेनकाई सुरू’ हा हॅशटॅग गाजला होता (‘सुरू’ म्हणजे इथे सोडून देणं, आपल्या कानाला नेमकं उलटं ऐकू येतं). पाठोपाठ कोरोना आला आणि दोन हिवाळे पार्ट्या जवळजवळ बंदच राहिल्या, त्यानंतर सगळ्या परतल्या नाहीत. माझं मत विचाराल तर स्वतःच्या टीमची पहिली बोनेनकाई चुकवू नये, त्यानंतरच्या खुशाल चुकवाव्यात. चेंबरच्या जानेवारीच्या समारंभाचं उलट: एकदाच जाऊन काही उपयोग नाही, कारण तिथे ओळख दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोच चेहरा दिसला की पक्की होते.

पुण्यात जपानी कंपन्यांबरोबर काम करणाऱ्यांना हे सगळं सौम्य रूपात भेटतं. जपानहून आलेले अधिकारी वर्षअखेरीला सहसा मायदेशी जातात, त्यामुळे इथे जानेवारीतल्या भेटीला जास्त वजन. सुट्टीवरून परतल्यावर ते एखादा गोड खाऊचा डबा घेऊन टेबलाटेबलावर येतात. तेव्हा उठून उभं राहावं, ‘आकेमाशिते ओमेदेतो गोझाइमासु’ म्हणावं, आणि घरचे तिळाचे लाडू पुढे करायला संक्रांतीची वाट बघू नये.