गेम्स डन क्विक

गेम्स डन क्विक : व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात पुरा करणाऱ्या खेळाडूंचा अमेरिकेतील समुदाय आणि त्याने भरवलेल्या, धर्मादाय संस्थांसाठी निधी जमवणाऱ्या थेट-प्रक्षेपित मॅरेथॉनांची मालिका. खेळाडू व प्रेक्षक तिला ‘जीडीक्यू’ म्हणतात. जानेवारीत ‘ऑसम गेम्स डन क्विक’ व उन्हाळ्यात ‘समर गेम्स डन क्विक’ असे दोन मुख्य सोहळे होतात. प्रत्येक सोहळा साधारण सात दिवस, रात्रंदिवस न थांबता चालतो आणि ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर दाखवला जातो. वेगाने गेम पुरा करण्याला ‘स्पीडरन’ किंवा नुसते ‘रन’ (धाव), तो करणाऱ्याला ‘रनर’ आणि नियमांच्या एका संचाला ‘कॅटेगरी’ म्हणतात. कोणत्याही मार्गाने शेवट गाठायचा ती ‘एनी पर्सेंट’, सर्व काही गोळा करून गाठायचा ती ‘शंभर टक्के’.

उगम : स्पीडरनची सुरुवात कोठून धरावी याबद्दल मतभेद आहेत. एक मत ती अॅक्टिव्हिजन कंपनीच्या १९८० मधील ‘ड्रॅगस्टर’पर्यंत मागे नेते. अटारी २६०० या घरगुती गेम-यंत्रावरचा हा शर्यतीचा खेळ काही सेकंदांत संपतो. पडद्यावरच्या वेळेचा फोटो कंपनीला पाठवला की ती विक्रमाची दखल घेई. टॉड रॉजर्स यांचा ५.५१ सेकंदांचा १९८२ मधील विक्रम दीर्घकाळ ग्राह्य धरला गेला. २०१७ मध्ये एरिक कोझिएल यांनी खेळाचा प्रोग्रॅम उलगडून प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर क्षणोक्षणी बदलणाऱ्या एकेका चित्राला) कोणती कळ दाबता येते याचा हिशेब मांडला. त्यांच्या गणिताने ५.५७ च्या खाली जाता येत नाही. खेळातले घड्याळ साधारण ०.०३ सेकंदाच्या पायऱ्यांनी सरकते, म्हणजे ५.५७ आणि ५.५१ यांच्यात दोन पायऱ्यांचे अंतर पडते. दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात केल्याचा रॉजर्स यांचा खुलासा या विश्लेषणाशी जुळला नाही. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलेक्सीज या विक्रमनोंद संस्थेने तो विक्रम रद्द केला. हा वाद महत्त्वाचा आहे, कारण विक्रम फोटोने नव्हे तर प्रोग्रॅमच्या वाचनाने तपासण्याची आजची रीत त्यात स्वच्छ दिसते. मात्र ‘ड्रॅगस्टर’च्या मागे एकमेकांना रस्ते दाखवणारा समुदाय नव्हता, त्यामुळे त्याला स्पीडरनचा पूर्वज मानणे काहीसे ओढूनताणून वाटते. १९८६ मधील ‘मेट्रॉइड’ खेळ किती वेळात संपवला त्यावरून वेगळा शेवट दाखवी. त्यामुळे घाई करण्याची प्रेरणा मिळाली, परंपरा मात्र निर्माण झाली नाही.

दुसरे मत अधिक पुराव्यानिशी उभे राहते. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’मध्ये खेळाडूने दाबलेल्या कळा एका लहान फाइलीत साठत. ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर चालवली की तीच धाव जशीच्या तशी दिसे. व्हिडिओ पाठवणे अशक्य असलेल्या काळात ही सोय निर्णायक ठरली. १९९४ च्या अखेरीस ‘कॉम्पेट-एन’ हा ‘डूम’च्या धावांचा संग्रह सुरू झाला. जून १९९७ मध्ये अनेक खेळाडूंनी पातळ्या वाटून घेऊन, तुकडे जोडून ‘क्वेक’ हा खेळ सर्वांत अवघड स्तरावर १९ मिनिटे ४९ सेकंदांत संपवला. त्या प्रकल्पाचे नाव ‘क्वेक डन क्विक’. या वर्तुळातून १९९८ मध्ये नोलन फ्लुग यांनी सुरू केलेला ‘क्वेक’च्या धावांचा संग्रह पुढे ‘स्पीड डेमोज आर्काइव्ह’ बनला. २००३–०४ च्या सुमारास तो इतर खेळांनाही खुला झाला आणि जीडीक्यूचे पहिले आयोजक त्याचेच सदस्य होते. नावाचा वारसाही ‘क्वेक’कडेच जातो.

निधीसाठी सलग खेळण्याची कल्पना मात्र बाहेरून आली. कॅनडातील ‘डेझर्ट बस फॉर होप’ २००७ मध्ये व टेक्सासमधील ‘द स्पीड गेमर्स’ २००८ मध्ये सुरू झाले होते. जीडीक्यूचे पूर्वसुरी म्हणून या दोन्हींचा उल्लेख होतो.

वाटचाल : माइक उयामा यांच्या पुढाकाराने ‘क्लासिक गेम्स डन क्विक’ जानेवारी २०१० मध्ये झाले. ते व्हर्जिनियातील ‘मॅगफेस्ट’ या मेळाव्यात व्हायचे होते, पण हॉटेलचे इंटरनेट प्रक्षेपणाला पुरेना. सगळा संच उयामा यांच्या आईच्या घरी, तळघरात हलवावा लागला. ‘केअर’ या संस्थेसाठी दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम जमली. २०११ पासून हिवाळी सोहळा ‘प्रिव्हेंट कॅन्सर फाउंडेशन’साठी आणि पुढे उन्हाळी सोहळा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’साठी होतो. जानेवारी २०१४ मध्ये प्रथमच दहा लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला गेला, २०१९ च्या उन्हाळ्यात तीस लाखांचा. देणगी थेट त्या त्या संस्थेकडे जाते. करोनाकाळात सोहळे घराघरांतून झाले आणि २०२२ च्या उन्हाळ्यात मिनेसोटात पुन्हा प्रत्यक्ष भरले. जानेवारी २०२३ चा फ्लोरिडातील नियोजित सोहळा तेथील करोनाविषयक धोरण व समलिंगी-पारलिंगी व्यक्तींसंबंधीचा कायदा यांमुळे आयोजकांनी रद्द केला आणि तो ऑनलाइन घेतला. आपल्या खेळाडूंना जिथे सुरक्षित वाटणार नाही तिथे जायचे नाही, हा निर्णय ठेवीचे नुकसान सोसून घेतलेला होता.

धाव मंचावर कशी येते : रनर खेळ, कॅटेगरी, अंदाजित वेळ व आपल्या धावेचा व्हिडिओ पाठवतो. निवड समिती व्हिडिओत तीन गोष्टी पाहते : धाव पाहण्याजोगी आहे का, रनर बोलता बोलता खेळू शकतो का, आणि अंदाज खरा आहे का. अंदाज म्हणजे सर्वोत्तम वेळ नव्हे. ज्याची सर्वोत्तम वेळ १ तास १२ मिनिटे आहे तो १ तास २० मिनिटे मागतो. नशिबावर अवलंबून असलेल्या खेळाला आणखी मोकळीक लागते. अंदाज चुकला की पुढच्या सगळ्या धावा सरकतात, म्हणून दोन धावांमधल्या मांडामांडीचा वेळही वेळापत्रकात धरलेला असतो.

घरी विक्रमासाठी खेळणारा रनर पहिल्या चुकीला खेळ पुन्हा सुरू करतो. शेकडो प्रयत्नांतून एक धाव पूर्णत्वाला जाते. मॅरेथॉनमध्ये पुन्हा सुरू करण्याची सोय नाही. म्हणून रनर अवघड युक्तीऐवजी दोन-चार सेकंद खाणारी पण खात्रीची युक्ती निवडतो. हिला ‘मॅरेथॉन-सेफ’ म्हणतात. खेळात सेव्ह करता येत असेल तर धोक्याच्या जागेआधी मुद्दाम सेव्ह केले जाते. त्यामुळे मॅरेथॉनमधली वेळ विक्रमाहून मागे असणे हे अपयश नाही. नव्या प्रेक्षकाला हे आधी सांगावे लागते.

रनरच्या मागच्या सोफ्यावर तोच खेळ जाणणारे दोघे-तिघे बसतात. हा ‘काउच’. अवघड जागी रनर गप्प होतो तेव्हा काय चालले आहे ते काउच सांगतो. निवेदक देणगीदारांचे संदेश वाचतो, पण रनरने खूण केली की थांबतो. धाव संपताच रनर ‘टाइम’ म्हणतो आणि घड्याळ थांबते.

यंत्रे व बिघाड : जुन्या यंत्रांसाठी काचेच्या नळीचे, म्हणजे सीआरटी, टीव्ही लागतात. सेकंदाला ६० फ्रेमांच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. सपाट टीव्हीने चित्र तयार करायला ५० मिलिसेकंद घेतले तर रनर तीन फ्रेमा उशिरा पाहतो, आणि एका फ्रेमच्या युक्त्या मग जमतच नाहीत. म्हणून यंत्राचा सिग्नल दुभागून एक वाट सीआरटीला व दुसरी प्रक्षेपणाच्या कॅप्चर कार्डला (चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणाला) देतात. साध्या ‘वाय’ वायरने दुभागला तर दोन्हीकडचा भार एकत्र पडून चित्र काळवंडते, त्यासाठी सिग्नल न दुबळा करता वाटून देणारा वितरण अॅम्प्लिफायर हवा. प्रेक्षकांना दिसणारे चित्र रनरच्या चित्राच्या मागे असते. ते पाहून खेळणे अशक्य.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमची ‘कॅसेट’ चालेना की ती काढून फुंकायची सवय घरोघरी होती. तिने तोंडातील ओल तांब्याच्या पट्ट्यांवर जाते आणि पुढे त्या गंजतात. कॅसेट पुन्हा बसवल्याने जुळणी सुधारते, श्रेय मात्र फुंकरीला मिळते. योग्य उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने पट्ट्या पुसणे व पूर्ण वाळू देणे. निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरची दांडी वेगळ्या कारणाने मरते. आतले प्लॅस्टिक घासून त्याची भुकटी होते आणि दांडी सैल पडून तिचा पल्ला कमी होतो. ‘सुपर मारिओ ६४’चे रनर म्हणूनच स्वतःचे कंट्रोलर जिवापाड जपतात.

खेळाची आवृत्तीही वेळ ठरवते. जपानी लिपीत तेच वाक्य कमी अक्षरांत मावते, म्हणून संवाद लवकर संपतात आणि पुष्कळ रनर भाषा येत नसतानाही जपानी प्रत वापरतात. युरोपातील पाल या टीव्ही-पद्धतीची यंत्रे सेकंदाला ५० वेळा चित्र देतात, अमेरिका-जपानची सुमारे ६०. भारतातही पालच होती आणि इथल्या घरांतली यंत्रे बहुतेक मूळ यंत्राच्या नकला होत्या. लहानपणी ‘मारिओ’ किती मिनिटांत संपवला याची मराठी घरातली आठवण त्यामुळे विक्रमांच्या तक्त्याशी सहसा ताडता येत नाही.

फ्रेमरूल : वेळेचा हिशेब किती बारीक असतो याचे उत्तम उदाहरण ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे आहे. एनी पर्सेंटमध्ये १-१, १-२, ४-१, ४-२, ८-१, ८-२, ८-३ व ८-४ अशा आठच पातळ्या खेळतात. (पहिला आकडा जगाचा, दुसरा त्यातल्या पातळीचा.) मधल्या पातळ्या वॉर्प झोन या छुप्या आडवाटांमधून टळतात. एक पातळी संपल्यावर पुढची सुरू करायची की नाही, हे खेळ दर २१ फ्रेमांनी एकदाच तपासतो. सेकंदाला ६०.०९८८ फ्रेमा धरल्या तर हा काळ, म्हणजेच ‘फ्रेमरूल’, सुमारे ०.३५ सेकंद भरतो. रनर त्यासाठी बसचा दाखला देतात : बस दर २१ फ्रेमांनी सुटते, थांब्यावर तुम्ही एक फ्रेम आधी पोचा की वीस, जाणार त्याच बसने. परिणामी पहिल्या सात पातळ्यांत वाचवलेल्या दहा फ्रेमा निरर्थक ठरू शकतात, आणि एका फ्रेमची चूक २१ फ्रेमांना पडू शकते. ८-४ नंतर पुढची पातळीच नाही, घड्याळ पातळीच्या शेवटी असलेल्या कुऱ्हाडीला हात लागताच थांबते. तिथे मात्र प्रत्येक फ्रेम मोजली जाते. म्हणूनच विक्रम वर्षानुवर्षे जवळपास ०.३५ सेकंदाच्या उड्यांनी खाली आले. १-१ मध्ये ध्वजखांबाच्या ग्लिचने (प्रोग्रॅममधील दोषाचा फायदा घेणाऱ्या युक्तीने) आणि ८-२ मध्ये ‘बुलेट बिल’ ग्लिचने झेंडा उतरण्याचा वेळ टाळून एकेक बस आधी पकडता आली. एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या नावाने खेळणाऱ्या रनरने ४ मिनिटे ५४.९४८ सेकंद नोंदवले आणि ४:५५ ची भिंत पडली. हे ज्ञान एका माणसाचे नाही. कोणी प्रोग्रॅम वाचला, कोणी संगणकाला एकेक फ्रेम देऊन मार्ग शोधला, कोणी तो हाताने करून दाखवला.

टासबॉट : एकेक फ्रेम ठरवून रचलेली धाव, म्हणजे टास, खऱ्या यंत्राच्या कंट्रोलरच्या तोंडातून भरणारे उपकरण. अॅलन सेसिल ते मंचावर सादर करतात. जानेवारी २०१४ मध्ये त्याने ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये केवळ कळांच्या संकेतांनी यंत्राच्या स्मृतीत नवा प्रोग्रॅम लिहून ‘पाँग’ व ‘स्नेक’ हे खेळ चालवले. कॅसेटला हातही लागला नव्हता. २०१५ मध्ये ‘पोकेमॉन रेड’च्या पडद्यावर प्रेक्षकांचे थेट चॅट उमटले.

देणगी व बोली : देणगीदार आपली रक्कम पात्राचे नाव, पुढचा खेळ किंवा जादा धाव अशा पर्यायांवर लावतो. सर्वांत गाजलेली बोली ‘सुपर मेट्रॉइड’ची. शेवटी ग्रह फुटायला तीन मिनिटे उरतात, तेव्हा बाजूच्या खोलीतील प्राण्यांना सोडवायचे की सोडून जायचे? सोडवण्यात काही सेकंद जातात, म्हणून रनरच्या दृष्टीने ती वाया गेलेली वेळ. सोडवले तर स्फोटाच्या वेळी एक बारीक ठिपका ग्रहापासून दूर उडताना दिसतो, एवढाच फरक. त्या ठिपक्यासाठी दोन्ही पक्षांचे लोक अखेरच्या क्षणापर्यंत पैसे ओततात.

सत्यता : एकाच बैठकीत, लोकांसमोर झालेल्या धावेवर तुकडे जोडल्याचा संशय येत नाही. थेट प्रक्षेपण मात्र पुरेसे प्रमाण नाही, हे ‘माइनक्राफ्ट’च्या प्रकरणात दिसले. डिसेंबर २०२० मध्ये त्या खेळाचे विक्रम तपासणाऱ्या नियंत्रकांनी ड्रीम या प्रसिद्ध स्ट्रीमरच्या सहा स्ट्रीमचा हिशेब केला. २६२ वेळा केलेल्या सोन्याच्या देवघेवीत ४२ वेळा एंडर पर्ल ही खेळ संपवायला लागणारी वस्तू मिळाली होती, अपेक्षा बाराच्या आसपास होती. ब्लेझ नावाचे ३०५ शत्रू मारून २११ वेळा रॉड ही तशीच गरजेची वस्तू मिळाली, अपेक्षा निम्म्यांची. धाव रद्द झाली. खेळात बदल करणारा मॉड चालू होता, तो अनवधानाने राहिला, असे त्याने २०२१ मध्ये सांगितले. तेव्हापासून अशा खेळांत खेळातल्या जगाची (‘वर्ल्ड’) फाइल व मॉडची यादी मागण्याकडे कल वाढला.

संलग्न उपक्रम : २०१९ पासून महिला रनरांचे ‘फ्रेम फेटल्स’ हे सोहळे होतात. युरोपात स्वीडनमधील ‘युरोपियन स्पीडरनर असेंब्ली’ आणि जपानमध्ये २०१६ पासून ‘आरटीए इन जपान’ हे स्वतंत्र समुदाय आहेत. भारतातील प्रेक्षकाला वेळेचा हिशेब सोपा पडतो : हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा व उन्हाळ्यात मिनेसोटा, दोन्ही इथल्या घड्याळापेक्षा साडेदहा तास मागे असतात. तिथली दुपारची धाव इथे रात्री साडेदहाच्या पुढे येते. जागरण नको असेल त्याने दुसऱ्या दिवशी यूट्यूबवरची स्वतंत्र कापलेली धाव पाहावी.