हलके क्रीडाविमान (दोन आसनी नमुना)

हलके क्रीडाविमान : एक इंजिन, दोन आसने आणि न मिटणारी चाके असलेले छोटे विमान. अमेरिकेच्या २००४ च्या नियमांनी या वर्गाला नेमके रूप दिले : जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे कमाल वजन ६०० किलो, स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखांची उचल सुटते तो) ४५ नॉटच्या (ताशी सुमारे ८३ किमी) आत. नव्या आराखड्यावरून बांधलेले पहिले उडते विमान म्हणजे त्याचा नमुना.

सारी कसरत वजनाची. दोन माणसे आणि इंधन धरले की सांगाडा व इंजिनाला फार थोडे उरते. म्हणून काचतंतूचा किंवा कार्बनतंतूचा सांगाडा आणि ८० ते १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन ही जोडी ठिकठिकाणी दिसते. उड्डाणाआधी पंखांवर वाळूच्या पिशव्या रचून भार तपासतात. प्रचलित मानकानुसार सांगाड्याने वजनाच्या चौपट भार कायमचे न वाकता पेलावा लागतो. दीडपट सुरक्षा-गुणक धरला की मोडण्याची मर्यादा सहापटीवर जाते. भारतात बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे दोन आसनी ‘हंस’ १९९३ मध्ये प्रथम उडाले, प्रमाणपत्र मिळाले ते २००० मध्ये. ‘हंस-३’चे ७५० किलो वजन वरच्या ६०० किलोच्या मर्यादेत बसत नाही, पण नमुन्यापासून मान्यतेपर्यंत किती वर्षे जातात ते त्यावरून कळते.

विदर्भातला उन्हाळा अशा नमुन्याची खरी परीक्षा घेतो. तापलेली हवा विरळ होते. समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीच्या रानात पारा ४५ अंशांवर गेला की विमानाला ती हवा सुमारे १,५०० मीटर उंचीवरची वाटते. धाव लांबते, चढ मंदावतो, पंख्याचा जोर घटतो. इंधननळीत पेट्रोलची वाफ होऊन इंजिन अडखळू शकते, आणि काचतंतू जोडणारी राळ उन्हाने मऊ पडू नये म्हणून विमान पांढरे रंगवावे लागते. हिवाळ्यात सकाळी गार हवेत घेतलेले आकडे मे महिन्याच्या दुपारी कामाचे नाहीत. ही दुपारची चाचणी टाळणारा आराखडा अपुराच मानावा.

इंजिन बंद पडले तर उतरायचे कुठे, हेही आधीच हेरून ठेवावे लागते. उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटलेले वावर वरून मोकळे दिसते, पण नांगरटीची ढेकळे छोट्या चाकांना पेलत नाहीत. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांचे धुरे आडवे येतात. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतते. त्यामुळे गोंदियाजवळची बिरसी, अमरावतीजवळची बेलोरा किंवा चंद्रपूरजवळची मोरवा यांसारखी पक्की धावपट्टीच सुरुवातीच्या उड्डाणांना योग्य.