भूक लागते, खाखा सुटते

मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही पोरं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायचो. "आजी, भूक लागली." आजी मान वर न करता विचारायची, "सकाळची भाकरी आहे. दुधात कुस्करून देऊ?" कोणी 'दे' म्हणालं तर त्याला खरंच वाडगाभर दूध-भाकरी मिळायची. पण बहुतेक वेळा आमची तोंडं वाकडी व्हायची, नजर फडताळातल्या लाडवांच्या डब्याकडे जायची, आणि आजी म्हणायची, "मग ही भूक नव्हे. खाखा सुटलीय तुम्हाला. जा, खेळा."

चाळिशी उलटल्यावर ८१ किलोचं ओझं घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी 'हंगर' आणि 'क्रेव्हिंग' यातला फरक सांगायला सुरुवात केली. मला एकदम शिळी भाकरी आठवली. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण म्हणजे तरी काय? खऱ्या भुकेला काहीही चालतं. खाखाला मात्र तेच लागतं, त्याच गाडीवरचं, त्याच चटणीचं.

भाषेनेही या दोघींना वेगळी क्रियापदं दिली आहेत. तहान लागते, झोप लागते, तशी भूक लागते. तोंडाला पाणी सुटतं, अंगाला खाज सुटते, तशी खाखा सुटते. भूक पोटात असते, तिथे कावळे ओरडतात. खाखा जिभेवर असते, आणि तिच्याही आधी डोळ्यांसमोर. खाजेशी तिचं नातं मला फार पटतं. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, पुन्हा खाजवावंसं वाटतं, आणि दुसऱ्या कशात गुंतलो की ती होती हेही विसरायला होतं.

इथवर सगळं सोपं आहे. घोळ पुढे आहे, कारण प्रत्यक्षात या दोघी वेगवेगळ्या येत नाहीत. एकमेकींची साडी नेसून येतात.

आधी भुकेचं बघू. जठरातून घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सुटतं. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा या संशोधकांनी ते शोधलं. जेवणाआधी ते वाढतं, जेवल्यावर उतरतं. गंमत म्हणजे ते घड्याळही शिकतं. तुम्ही रोज एकला डबा उघडत असाल तर पाऊण वाजल्यापासून त्याची तयारी सुरू होते. म्हणजे 'वेळ झाली म्हणून भूक लागली' हे थोतांड नाही, ती खरीच भूक असते. दुसरं संप्रेरक लेप्टिन. ते शरीरातली चरबी स्वतः तयार करते आणि 'साठा पुरेसा आहे' असा निरोप मेंदूला देत राहते. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला. चरबी घटली की हा निरोपही क्षीण होतो. बारीक होऊ लागलेल्या माणसाच्या मेंदूला म्हणूनच दुष्काळ पडल्यासारखं वाटतं.

खाखाचे कारखानदार वेगळे. लग्नाच्या पंगतीत भात नको, पोळी नको, आता घास जात नाही म्हणणारा माणूस जिलबीचं ताट दिसताच सरसावून बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, केलंही आहे. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली हे प्रयोगातून दाखवलं: आपण एका चवीने तृप्त होतो, सगळ्या चवींनी नाही. वरण-भाताला कंटाळलेली जीभ गोडासाठी ताजीतवानी असते. पोट भरलेलं असताना जे हवंसं वाटतं ते भुकेचं असूच शकत नाही, इतकी ही साधी खूण आहे.

तेव्हा वजन कमी करणाऱ्याची पहिली चूक कुठली, तर खाखाला भूक समजणं. पुस्तकं आणि आहाराचे तक्ते सगळे याच चुकीबद्दल बोलतात. माझी चूक मात्र उलटी होती, आणि मला वाटतं, पथ्य पाळणाऱ्या बऱ्याच बायकांची तीच असते. मी भुकेला खाखा समजत होते.

डोंबिवलीहून फोर्टला नोकरी. दुपारी एकला डबा: दोन फुलके, दुधीची भाजी, काकडी. चारला पोटात कालवाकालव सुरू व्हायची. मी स्वतःला दटावायचे, 'जिभेचे चोचले आहेत, ग्रीन टी पी.' पाचला पुन्हा तेच. सहाला लोकलमध्ये उभ्याउभ्या कुणाच्या तरी पिशवीतल्या चिवड्याचा वास यायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं बाकी. सव्वासातला स्टेशनाबाहेर पडले की कढईतल्या वड्यांचा वास. एक वडापाव व्हायचा, कधी दोन. वर घरी जाऊन जेवणही, कारण बाहेर खाल्लं हे कबूल कोण करणार? मग रात्री अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी डब्यातला एक फुलका कमी. एका वडापावचे ढोबळमानाने ३०० कॅलरी धरा. वाचवलेल्या फुलक्याचे ८०-९० सुद्धा होत नाहीत. हा व्यवहार मी जवळजवळ आठ महिने मोठ्या निष्ठेने केला.

वडापाव खाताना मला वाटायचं की खाखेपुढे हरले. खरं तर ती चार वाजताची थकलेली भूक होती. तीन तास दारात उभी राहिली, कोणी विचारलं नाही, मग वडापावचं रूप घेऊन आत आली.

पाच वाजता मूठभर फुटाणे खायला लागल्यावर हे कळलं. फुटाणे साधारण ३० ग्रॅम, म्हणजे ११० कॅलरीच्या आसपास, आणि वर एक पेला ताक. पहिल्या आठवड्यातच स्टेशनाबाहेरच्या वासाचं रूपांतर नुसत्या वासात झालं. छान वास, पण पाय थांबत नव्हते. मोह संपला नव्हता, त्याच्या मागे जोर लावणारी भूक तेवढी बाजूला झाली होती. फुटाण्यांऐवजी मोडाची उसळ किंवा उकडलेलं अंडं चालतं. मारीची बिस्किटं मला तरी चालत नाहीत, अर्ध्या तासात कावळे परत.

उपासमार माणसाला खाण्याच्या विचारांनी कसं झपाटून टाकते, याचा सर्वांत गाजलेला प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला, १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झाला. अँसेल कीज यांनी युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास पावपट घटलं. पण ही माणसं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, जमवायला लागली, ताटं चाटायला लागली, स्वप्नांतही अन्न बघायला लागली. पोटभर खायला मिळू लागल्यावरही काहींची भूक बराच काळ भागत नव्हती. यांना कोणी 'जिभेवर ताबा नाही' असं म्हणेल का? रात्री अकराला पदार्थांचे व्हिडिओ बघत बसणाऱ्या पथ्यकरी मैत्रिणींना मी हा प्रयोग आवर्जून सांगते.

मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की झपाट्याने वजन घटवल्यानंतर घ्रेलिनसारखी भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच असतात. म्हणजे खरी भूकच वाढलेली असते. तिला खाखा म्हणून हिणवत राहिलं तर ती रागावते, एवढंच.

आपल्याकडे हे ज्ञान 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या चार शब्दांत आहे. आषाढीला सकाळी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी खाऊनही अकरा वाजता भाकरी-पिठलं आठवायला लागतं. यात दोघीही आहेत. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळपास नाहीतच. दाण्याचं कूट आहे म्हणून थोडा तरी धीर निघतो. शिवाय 'आज चालत नाही' म्हटलं की नेमकी भाकरीच डोळ्यांसमोर नाचते. एरवी मंगळवारी सकाळी कोणाला पिठल्याची आठवण येते?

आता एक लाडका समज. 'शरीराला हवं असतं म्हणूनच खावंसं वाटतं.' चॉकलेट हवंसं वाटलं म्हणजे मॅग्नेशियम कमी, वगैरे. १९९४ साली मिचनर आणि पॉल रोझिन यांनी चॉकलेटची ओढ लागणाऱ्या लोकांवर एक मजेदार प्रयोग केला. ओढ लागली की कधी चॉकलेट दिलं, कधी पांढरं चॉकलेट, कधी कोकोने भरलेल्या कॅप्सूल. कोकोतली सगळी द्रव्यं कॅप्सूलमधून पोटात गेली तरी ओढ जशीच्या तशी. पांढऱ्या चॉकलेटमध्ये ती द्रव्यं नसतात, फक्त गोडवा आणि तोंडात विरघळणं असतं, तरी त्याने थोडी शमली. ओढ तोंडाला होती, रक्ताला नव्हती. अपवाद म्हणावा तर डोहाळ्यांतली माती किंवा बर्फ खाण्याची इच्छा. अशा इच्छेमागे पुष्कळदा लोहाची कमतरता सापडते आणि ती तपासून घ्यायलाच हवी. पण बर्फात लोह कुठे असतं? तिथेही जीभ चुकीच्याच दुकानात गेलेली असते.

म्हणीचा उरलेला अर्धा भाग, निजेचा, इथेच लागू पडतो. २००४ साली शिकागोमध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ पदार्थ जास्त हवेसे वाटू लागले. जागरणानंतरची सकाळ आठवा. पोहे खाऊन झालेले असतात, तरी दहाला सामोसा लागतोच. ही भूक की खाखा? मला सांगता येत नाही, आणि अशा दिवशी मी ठरवायच्या भानगडीत पडत नाही. वेळेवर जेवते आणि रात्री लवकर झोपते.

एरवी मात्र आजीची भाकरी-परीक्षा घेते. 'आत्ता दोन फुलके आणि दुधी दिला तर खाशील?' उत्तर हो आलं तर खाते, घड्याळ न बघता. नाही आलं तर थांबते. वाट बघितली की जाते ती खाखा, असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. भूकही लाटेसारखी येते आणि न खाता थोडी ओसरते. फरक असा की ती तासाभराने मोठी होऊन परत येते; खाखा बहुतेकदा येतच नाही, किंवा आली तर वेगळा पदार्थ मागत येते.

थांबायच्या त्या मिनिटांत काय करायचं? शब्दकोड्याने माझं भागत नाही. खाखा चित्रं दाखवते, म्हणून तिच्या जागी दुसरं चित्रच लागतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात लोकांना तीन मिनिटं टेट्रिस, म्हणजे पडद्यावर पडणारे ठोकळे रचायचा खेळ, खेळायला लावलं तर ओढ कमी झाली. मी मोबाईलवर ठोकळेच रचते. नवरा हसतो.

आणि तरीही गेली नाही तर? तर तोच पदार्थ खायचा. तोच. शेव खावीशी वाटली म्हणून मी एका संध्याकाळी आधी मखाणे खाल्ले, मग खाकरा, मग दोन खजूर, मग दही, आणि शेवटी शेव खाल्लीच. सुरुवातीलाच वाटीत काढून, टेबलाशी बसून खाल्ली असती तर पाचातली चार खाणी वाचली असती. भुकेला पर्याय चालतो, खाखाला चालत नाही. पर्यायी पदार्थांच्या याद्या करणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

राहता राहिलं मन निववणारं खाणं. दिवस वाईट गेला, कोणाशी वाजलं, की काहीतरी 'आपलं' खावंसं वाटतं. २०१४ साली ट्रेसी मान आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दुःखी करणारी दृश्यं दाखवून मग कोणाला त्यांचा जिव्हाळ्याचा पदार्थ दिला, कोणाला दुसरं काही, कोणाला काहीच नाही. सगळ्यांचं मन सारखंच सावरलं. श्रेय पदार्थाने लाटलं, काम वेळेने केलं होतं. मला हे वाचून थोडं वाईटच वाटलं. कारण आमच्या घरी मन निववणारं खाणं म्हणजे गुरगुट्या भात, मेतकूट, चमचाभर तूप. तापातून उठल्यावर मिळायचा तो. त्यात भाताइतकंच पाणी, तुपाचे जेमतेम ४५ कॅलरी, आणि आजीचा हात कपाळावर. त्याच्यावर राग धरायचं काहीच कारण नाही. वजन त्या वाडग्याने वाढत नाही. रात्री दहाला मोबाईलवरून मागवलेल्या खोक्याने वाढतं, ज्याच्याशी आपलं कसलंच नातं नसतं.

एक गोष्ट मात्र निक्षून. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर भाकरी-परीक्षा घेत बसायचं नाही; तिथे आधी साखर. आणि पोट दुखेपर्यंत, चोरून, थांबताच येत नाही असं खाणं वारंवार होत असेल तर ते खाखा या शब्दात मावत नाही, डॉक्टरांकडे जावं.

माझं वजन आता ७४ आहे, गेले पाच महिने तिथेच. शुक्रवारी संध्याकाळी मी वडापाव खाते. पाचला फुटाणे खाल्लेले असतात, म्हणून एकच पुरतो. सुकी चटणी जास्त, तळलेली मिरची वेगळी. गाडीवाल्याला आता सांगावं लागत नाही.