ग्रॅफाइट साचे, अखंड ओतकामातील

तांबे, पितळ, कासे आणि ओतीव लोखंड यांच्या सळ्या, नळ्या व पट्ट्या आडव्या अखंड ओतकामाने (कंटिन्युअस कास्टिंगने) काढताना धातुरस ज्या साच्यात (डायमध्ये) गोठतो, तो बहुधा कृत्रिम ग्रॅफाइटचा असतो. साचा होल्डिंग भट्टीच्या, म्हणजे रस तप्त राखून ठेवणाऱ्या भट्टीच्या, भिंतीत बसवतात. त्याच्याभोवती पाणी खेळवलेले तांब्याचे जॅकेट असते आणि गोठलेली सळी ओढ व थांबा अशा आवर्तनांनी बाहेर काढतात.

अखंड ओतकामाच्या कल्पनेचे जनकत्व काही जण अमेरिकी संशोधक सेलर्सच्या शिशाच्या नळ्यांच्या यंत्राला (१८४०), तर काही पोलादनिर्मितीसाठी प्रसिद्ध इंग्रज संशोधक बेसेमरला देतात. औद्योगिक यशाचा निकष लावला तर १९३० च्या दशकातील जर्मन संशोधक युंगहान्सचा हालता साचा हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कृत्रिम ग्रॅफाइटचे अमेरिकी संशोधक अ‍ॅचेसनचे पेटंट १८९६ चे आहे.

तांब्याचा रस ग्रॅफाइटला भिजवत नाही, त्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, शिवाय पृष्ठभाग स्वतःच वंगणाचे काम करतो. एक्स्ट्रूजनने (छिद्रातून दाबून) केलेला ग्रॅफाइट स्वस्त, पण भरड व दिशेनुसार गुण बदलणारा असतो. सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन घडवलेल्या, म्हणजे आयसोस्टॅटिक, ग्रॅफाइटचा कण साधारण ५ ते २० मायक्रॉन आणि घनता १.७५ ते १.९० ग्रॅम प्रति घन सेंमी असते.

खरेदीत घनतेवरच भर दिला जातो, तो अपुरा आहे. समान घनतेच्या दोन प्रतींत (ग्रेडमध्ये) छिद्रांचा आकार अगदी वेगळा असू शकतो. बारीक छिद्रांत रस घुसतो, ही समजूतही तपासून पाहावी. अर्धा मीटर उंचीच्या रसाचा दाब सुमारे ०.०४ मेगापास्कल भरतो. न भिजणारा रस २ मायक्रॉनच्या छिद्रात ढकलायला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. खरा उपद्रव वाफेचा. पितळातील जस्त ९०७° से. ला उकळते, पितळाच्या रसातून सुटलेली वाफ साच्याच्या थंड भागात बसते, थर साचतो, सळीवर ओरखडे उठतात आणि शेवटी सळी अडकते. म्हणून पितळासाठी वायू सहज झिरपू न देणारी, बारीक छिद्रांची प्रत निवडावी.

शुद्ध तांब्याला उष्णतेचे वहन महत्त्वाचे. कथिलाच्या काशाला कठीणपणा. दोन्ही गुण एकाच प्रतीत क्वचितच मिळतात, कारण कठीण प्रतींचे वहन सहसा कमी असते. निकेल असलेल्या मिश्रधातूंत कार्बन विरघळतो, त्यामुळे साचा लवकर झिजतो. ओतीव लोखंडात कार्बन आधीच भरपूर असल्याने हे नुकसान कमी. पोलादासाठी मात्र ग्रॅफाइट निरुपयोगी.

उत्तम प्रतही बसवणीत वाया जाते. साचा व जॅकेट यांत बारीकशी फट राहिली तरी उष्णता अडते, गोठणरेषा (रस जिथे गोठतो ती सीमा) बाहेरच्या टोकाकडे सरकते आणि पातळ कवच फुटून रस गळतो. उलट अति थंडाव्याने ती भट्टीकडे सरकली तर सळी जाम होते. साच्याचे यंत्रण (मशीनिंग) कोरडेच करावे. छिद्रांत मुरलेले कटिंग तेल पुढे वायू सोडते. ग्रॅफाइटची धूळ वीजवाहक असल्याने ती विद्युत पॅनेलपासून दूर शोषून घ्यावी लागते. बसवण्यापूर्वी साचा ११०° ते १५०° से. ला वाळवतात. हवेत सुमारे ४५०° से. च्या पुढे ग्रॅफाइट जळू लागतो, म्हणून उघड्या तप्त भागावर नायट्रोजन सोडतात किंवा फॉस्फेट मुरवलेली प्रत वापरतात.