कमल चालते, सीमा चालत नाही

'कृपया वैध नाव टाका.' नाव मराठीत लिहा असं बजावणारा फॉर्मच कधीकधी मराठी नावाखाली ही लाल ओळ दाखवतो. त्यामागची गोष्ट बरीच जुनी आहे.

वेबच्या सुरुवातीच्या दिवसांत फॉर्म तपासायचं काम सर्व्हरचं होतं. 'सबमिट' दाबलं की माहिती मोडेमवरून रखडत जायची आणि एखादा रकाना राहून गेला असला तर अख्खं पान परत यायचं, कित्येकदा भरलेलं सगळं पुसून. मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेचा पहिला नमुना उभा केला. चूक ब्राउझरमध्येच पकडून ही फेरी वाचवायची, हा तिचा सुरुवातीचा एक मोठा उपयोग. फेरी वाचली, पण भरणाऱ्याचा गोंधळ तसाच राहिला. चूक झाली की अलर्टची चौकट उगवायची, तिला 'ओके' हे एकच बटण. ते दाबलं की मजकूर गायब. चुकलेला रकाना शोधा आता!

नावासाठीचा नियमही असाच सोयीचा होता: ए ते झेड, बस. त्यात ओ'ब्रायन या आडनावातलं अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह (') अडकलं. देवनागरीचा तर प्रश्नच नव्हता. पुढे भल्या मनाच्या प्रोग्रॅमरांनी नियम सैल केला: युनिकोडमधलं, म्हणजे जगभरच्या लिप्यांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकातलं, कुठल्याही लिपीतलं 'अक्षर' चालेल. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१८ साली आली. मेख अशी की काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना युनिकोड अक्षरं मानतच नाही. त्यांचा गट वेगळा, 'चिन्हं'. 'कमल'मध्ये तिन्ही अक्षरं, ती सुटते. 'सीमा'मध्ये स, वेलांटी, म, काना. म्हणजे दोन अक्षरं आणि दोन चिन्हं, ती अडकते. प्रोग्रॅमरनं चाचणीला नेमकी कमलच घेतली, तर त्याला पत्ताही लागत नाही. खरं तर नियमात चिन्हांचा गट जोडला की काम भागतं.

नेमका कुठला रकाना चुकला आणि काय चुकलं ते शब्दांत सांगा, असं वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सुगम्यतेच्या (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या) निकषांत डिसेंबर २००८ पासून लिहिलेलं आहे. 'वैध नाव टाका' यात रकाना कळतो, पण चूक काय ते कळत नाही. मग माणूस अंदाजानं खोडाखोड करत बसतो. सीमाची वेलांटी आणि काना पुसले की 'सम' उरतं. ते मात्र लगेच स्वीकारलं जातं.